चेलोच्या चार तारा

(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त गायकवृंद व मंडळीपुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी भाषण करावयाचे म्हटले म्हणजे वक्त्याने एखाद्या मोठ्या विषयास हात घालावा, असा संकेत आहे. आम्ही तो मोडीत आहो, ह्याबद्दल आरंभीच आपली क्षमा मागतो. आज जे बोलावयाचे आहे ते केवळ चार तारांविषयी. गायकवृंदाच्या शेजारी, हार्मोनियमच्या उजव्या अंगास, जे मोठ्या व्हायोलिनासारखे वाद्य भिंतीशी टेकून उभे असते, त्या चेलोच्या ह्या चार तारा होत. महोत्सवनिधीतून त्या बदलाव्यात असे समितीने ठरविले, आणि कोणत्या आणाव्यात हे सांगण्याचे काम आम्हांवर सोपविले. आम्ही कोणी मोठे वादक नव्हे. तरीही हे काम आम्हांसच मिळाले, ह्याचे कारण असे की, ह्या बाबतीतील सर्वांत मोठी चूक आमच्याच हातून घडलेली आहे. ती चूक आज आपणांपुढे उघड सांगावी, आणि पुन्हा कोणाकडून ती घडू नये एवढी तजवीज करावी, हाच ह्या भाषणाचा हेतू होय.

प्रथम, हे परदेशी वाद्य आपल्या मुलखात उपरे आहे काय, ह्या शंकेचे निरसन करू. आपल्यापैकी कित्येकांस असे वाटते की, गजाने वाजणारी ही लाकडी वाद्ये गोव्याच्या किंवा वसईच्या देवळांत शोभतात. देशावर, सातारा-सांगलीच्या रानात, त्यांचे काय काम? परंतु येथून फार दूर नसलेल्या औंध गावाचे उदाहरण पाहा. आज औंध सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात मोडते. १९४८ पूर्वी ते पंतप्रतिनिधींच्या संस्थानाची राजधानी होते, आणि त्या विखुरलेल्या संस्थानाचे आटपाडी, किर्लोस्करवाडी इत्यादी भाग आज सांगली जिल्ह्यात आहेत. ह्या औंधच्या दरबारी अनंत मनोहर जोशी, म्हणजे अंतुबुवा, हे गवई होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांचे ते शिष्य. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा जोशी हे १९११ साली मुंबईत जन्मले आणि १९८७ साली निवर्तले. गाणे त्यांच्या घरातच होते. व्हायोलिन मात्र त्यांनी बहुतांशी स्वतःच्या प्रयत्नाने साध्य केले, आणि ज्या थोड्या पुरुषांनी ते वाद्य हिंदुस्थानी रागसंगीतात मानाने बसविले त्यांत त्यांची गणना होते. १९७२ साली संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला. अंतुबुवांनी आपले गुरू शिवानंद स्वामी ह्यांच्या स्मरणार्थ १९४० साली औंधास जो संगीतमहोत्सव सुरू केला, तो आजही दिवाळीच्या तोंडावर भरतो. त्या महोत्सवास जाऊन बसण्याचा योग आम्हांस अनेकदा आला आहे.

आमच्या विषयाशी ह्याचा संबंध असा. हिंदुस्थानी पद्धतीने व्हायोलिन वाजविणारा मनुष्य ते हनुवटीखाली धरून उभा राहत नाही. मांडी घालून बसतो आणि वाद्याचे टोक पावलावर टेकवितो. तारा तो युरोपातल्या ठरलेल्या उंच स्वरांत मिळवीत नाही. आपल्या षड्जास धरून, बहुधा खालच्या पट्टीत, षड्ज-पंचमांत मिळवितो. तारा किती जाड व किती ताणाच्या असाव्यात, ह्याचा विचार त्यास ह्यामुळे नव्यानेच करावा लागतो. कारण मूळच्या उंच स्वरासाठी केलेली तार खाली उतरविली म्हणजे ढिली पडते आणि गजाखाली फरफरते. वाद्य तेच, लाकूड तेच. परंतु काम बदलले की तार बदलावी लागते. अशा वादनाने औंधासारख्या गावी आम्हांस जो पहिला धडा दिला तो हाच. दिल्लीस राहणाऱ्या डच विदुषी सास्किया राव-द हास ह्यांनी तर आपला चेलोच रागसंगीतासाठी निराळा घडवून घेतला. त्यास एक तार अधिक आहे आणि खाली अनुनादाच्या दहा तारा आहेत. तेव्हा कोणती तार उत्तम, हा प्रश्नच अपुरा होय. कोणत्या वाद्यास, आणि कोणत्या कामास, असे दोन प्रश्न त्यास जोडल्यावाचून उत्तर मिळावयाचे नाही.

आता तार म्हणजे काय, हे थोडे समजून घेऊ. चेलोस चार तारा असतात. जाड तारेकडून बारीक तारेकडे त्यांची नावे सी, जी, डी आणि ए अशी आहेत, आणि प्रत्येक तार आपल्या शेजारणीपासून पाच स्वरांच्या, म्हणजे षड्ज-पंचमाच्या, अंतराने मिळविलेली असते. बारीक ए तार सेकंदास २२० वेळा कंप पावते. जाड सी तार सुमारे ६५ वेळा. कंपाचा हा हिशेब पॅरिसमधील एका कॅथोलिक धर्मगुरूंनी जगास प्रथम नीट मांडून दाखविला, हे आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असेल. मिनिम संघाचे फादर मारें मेर्सेन ह्यांनी १६३६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मोठ्या ग्रंथात तारेचे नियम दिले. तार जितकी लांब तितका स्वर खाली. ताण जितका अधिक तितका स्वर वर. आणि तार जितकी जड तितका स्वर पुन्हा खाली. लांबी व ताण तोच ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यावयाचा असेल, तर तारेचे वजन चौपट करावे लागते. ह्याच हिशेबाने पाहिले तर, सारख्या ताणाने चारही तारा चढविण्यासाठी सी तार ए तारेच्या अकरा पटींहून काहीशी अधिक जड असावी लागेल.

ह्या अकरा पटींच्या वजनातच तारा करणाऱ्यांची सारी विद्या साठविली आहे. नुसती जाड दोरी लावली तर ती वाकत नाही, आणि जी वाकत नाही ती गोड बोलत नाही. म्हणून सतराव्या शतकात कारागिरांनी अशी युक्ती काढली की, आत बारीक तांत ठेवावी आणि तिच्यावर धातूची तार गुंडाळावी. गुंडाळ्याने वजन येते, गाभा मात्र लवचिक राहतो. त्यापूर्वीच्या सर्व तारा नुसत्या तांतीच्या, म्हणजे मेंढीच्या आतड्यांपासून वळलेल्या असत. आपल्या सारंगीच्या मुख्य तारा आजही तांतीच्याच असतात. तेव्हा ही वस्तू आपणांस अपरिचित नाही.

सांप्रत बाजारात चेलोच्या ज्या तारा मिळतात त्या गाभ्यावरून तीन जातींच्या आहेत. पहिली जात तांतीची. तिचा नाद उबदार, मानवी कंठाच्या जवळचा, आणि ताण बेताचा. परंतु हवेतला ओलावा तिला लगेच जाणवतो. वसईच्या पावसाळ्यात तिचा सूर तासाभरात हलतो, आणि आमच्या माण-खटावच्या कोरड्या वाऱ्यात लाकडी खुंट्याही आटून सुटू लागतात. मग तार व खुंटी ह्यांची दुहेरी कटकट वादकास सोसावी लागते. किंमतही पुष्कळ. दुसरी जात पोलादी गाभ्याची. ती टिकाऊ, सुरास स्थिर, गजास चटकन उत्तर देणारी. परंतु तिच्यात हलक्या ताणापासून भारी ताणापर्यंत अनेक प्रकार आहेत, आणि निवडणारा चुकतो तो येथेच. तिसरी जात कृत्रिम धाग्याच्या गाभ्याची. व्हिएन्नाच्या टोमास्टिक-इन्फेल्ड ह्या १९१९ साली स्थापन झालेल्या कारखान्याने १९७० च्या सुमारास ती लोकप्रिय केली. व्हायोलिनात तिचा प्रसार फार झाला. चेलोत मात्र अजून पोलादाचेच राज्य आहे.

गुंडाळ्याच्या धातूंतही निवड आहे. ॲल्युमिनियम हलके, चांदी जड, आणि टंगस्टन तर पोलादाच्या अडीच पट जड. जड धातूचा गुंडाळा असला म्हणजे खालची तार बोटांस बारीक लागते आणि तरीही तिचा स्वर भरीव उतरतो. म्हणून पुष्कळ वादक चारही तारा एकाच घरच्या घेत नाहीत. ए आणि डी ह्या वरच्या दोन तारा डेन्मार्कातल्या यार्गर किंवा लार्सन ह्या घरच्या, आणि जी व सी ह्या खालच्या दोन टोमास्टिकच्या टंगस्टनच्या, अशी जोडी जगभर प्रचलित आहे. यार्गर हे घर १९५६ पासूनचे, लार्सन १९९० पासूनचे, आणि तांतीच्या तारांसाठी नाणावलेले जर्मनीतील पिरास्ट्रो तर १७९८ पासूनचे. यार्गरच्या तारांवर ताणाप्रमाणे डोल्चे, मीडियम आणि फोर्टे, म्हणजे मृदू, मध्यम आणि प्रबल, असे तीन शब्द छापलेले असतात. ह्या तीन शब्दांकडे गायकवृंदातील तरुणांनी विशेष लक्ष द्यावे, कारण आमचा सारा अपराध त्यांतल्या तिसऱ्या शब्दाच्या मोहाने घडला.

आता तो अपराध सांगतो. हे वाद्य आपल्या धर्मग्रामास एका वृद्ध गृहस्थांनी दिले. तरुणपणी मुंबईस चित्रपटांच्या वाद्यवृंदात ते वाजवीत. विद्या मात्र त्यांनी लहानपणी गोव्यातील धर्मग्रामाच्या शाळेत, तेथील मेस्त्रांच्या हाताखाली मिळविली होती. गोव्याच्या ह्या शाळांनी स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवून किती पोरांच्या पोटापाण्याची सोय केली, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीतास किती हात पुरविले, हा स्वतंत्र भाषणाचा विषय होईल. उतारवयात हे गृहस्थ मुलीकडे ह्या भागात राहावयास आले, बोटे आखडली, तेव्हा त्यांनी चेलो देवळास दिला आणि एवढेच सांगितले की, नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेस तो एकदा ऐकावयास मिळावा.

तारा जुन्या झाल्या होत्या. आम्ही उत्साहाने एका मोठ्या शहरी गेलो आणि दुकानात विचारले, "सर्वांत दणकट आणि सर्वांत मोठ्या आवाजाच्या तारा कोणत्या?" दुकानदाराने जे मागितले ते दिले, त्याचा त्यात काही दोष नाही. देऊळ मोठे, गाणारे पुष्कळ, तेव्हा आवाज मोठा हवा, अशी आमची समजूत. घरी येऊन आम्ही चारही जुन्या तारा एकदम सोडविल्या. सोडविताक्षणी घोडी पडली, आणि पेटीच्या आत काहीतरी लाकूड गडगडले. ते लाकूड म्हणजे तबली व पाठ ह्यांच्यामध्ये नुसत्या दाबाने उभी राहणारी एक गोल कांडी असते. फ्रेंच व इटालियन भाषांत तिला आत्मा असेच नाव आहे. ती चिकटविलेली नसते. तारांच्या दाबानेच ती जागेवर राहते, आणि वरच्या कंपनांना पाठीपर्यंत पोचविते. आम्हांस त्याचे काहीच ज्ञान नव्हते. आम्ही घोडी अंदाजाने पुन्हा उभी केली, नव्या प्रबल तारा चढविल्या, आणि स्वर मिळाला म्हणून आनंदात घरी गेलो.

पोलादी तारांचा संच चढविला म्हणजे चौघींचा मिळून सुमारे ५० ते ६० किलोचा ओढा वाद्यावर येतो, आणि त्यातला बराचसा भाग घोडीच्या दोन पायांवाटे पातळ तबलीवर दाबतो. ज्या तबलीखालचा आधारच पडला आहे, जी पूर्वी हलक्या ताणाला सरावलेली आहे, तिने हे ओझे डिसेंबरच्या कोरड्या हवेत किती दिवस सोसावे? नाताळास आठ दिवस असता एका रात्री तबलीचा जोड उकलला. सकाळी पाहिले तो घोडीच्या बाजूने एक काळी रेघ वर गेलेली. त्या वर्षी मध्यरात्रीची मिस्सा हार्मोनियमवर झाली. वृद्ध गृहस्थ पहिल्या बाकावर बसले होते. मिस्सा संपल्यावर त्यांनी चेलोचे नावही काढले नाही. गायकवृंदास आशीर्वाद दिला आणि मुलीचा हात धरून निघून गेले. पुढच्या उपवासकाळात ते देवाघरी गेले. त्यांच्या पश्चात वाद्याची पेटी झाडताना झाकणाच्या आतील खिशात जुन्या तारांची पाकिटे सापडली. प्रत्येकावर तारेचे नाव आणि ताण छापलेला, आणि तो मृदू होता. खिसा उघडून पाहिला असता तर उत्तर तेथेच होते. आम्ही दुकानदारास विचारले. वाद्यास विचारले नाही, आणि ज्यांनी ते चाळीस वर्षे वाजविले त्यांसही विचारले नाही.

दुरुस्तीसाठी आम्ही मिरजेस गेलो. मिरज हे तंतुवाद्यांचे गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगार ह्यांच्यापासून तेथे सतार-तंबोऱ्यांची परंपरा सुरू झाली असे मानतात. ज्या घराण्याने तलवारींना धार लावावी त्याच घराण्याने पुढे भोपळ्याची व लाकडाची वाद्ये घडवावीत, हा कालाचा महिमा. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, आणि मिरजेच्या सतार व तंबोऱ्यास २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तेथील एका वयोवृद्ध कारागिरांनी आमचा चेलो मांडीवर घेऊन बोटाच्या पेराने तबलीवर ठिकठिकाणी टिचकी मारली, आणि बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पावण्यांनो, हे आमचं वाद्य नव्हे, पण लाकूड सगळीकडं एकच. बाईच्या तंबोऱ्याला तुम्ही पुरुषाच्या तारा चढवल्यात."

ह्या एका वाक्यात सारे शास्त्र आले. पुरुषी तंबोरा मोठा आणि खालच्या स्वराचा, बायकी तंबोरा लहान आणि वरच्या स्वराचा. दोहोंच्या तारांची जाडी निराळी. पंचम व जोडीच्या तारा पोलादी, खरजाची जाड तार पितळेची, हेही त्याच मेर्सेनच्या हिशेबाने, जरी मिरजेच्या कोणा कारागिराने मेर्सेनचे नाव ऐकलेले नसले तरी. कारागिरांनी सरस तापवून उकललेला जोड बसविला, आणि आतील कांडी बसविण्यासाठी मात्र मुंबईच्या व्हायोलिनदुरुस्ती करणाऱ्याकडे जावे असे प्रामाणिकपणे सांगितले. जे आपले काम नव्हे त्यास हात न लावणे, हेही कारागिरीचेच लक्षण होय. मुंबईस कांडी बसली. त्यानंतर साध्या, हलक्या ताणाच्या तारा लावून आजवर काम चालविले. त्याच तारा आता मेल्या आहेत.

तार मेली हे ओळखावे कसे? त्याची सोपी परीक्षा अशी. एकाच बोटाने शेजारच्या दोन तारा एकाच जागी आडव्या दाबाव्यात आणि गज दोहोंवरून ओढावा. मोकळ्या तारा जर शुद्ध षड्ज-पंचमांत मिळालेल्या असतील, तर दाबलेल्या तारांतही तेच अंतर ऐकू आले पाहिजे. ते बिघडले, आणि निरनिराळ्या जागी निरनिराळ्या प्रमाणात बिघडले, तर दोहोंपैकी एक तार झिजून खोटी झाली असे समजावे. गुंडाळा चपटा झालेला, नखास खडबडीत लागणारा, गंज चढलेला, किंवा नाद मडक्यासारखा झालेला, ह्याही खुणा आहेतच. आपल्या ए आणि डी ह्या दोन्ही तारा परीक्षेत उतरल्या नाहीत.

आता कोणत्या तारा घ्याव्यात? येथे एक गोष्ट विचारात घेतली पाहिजे. हे वाद्य मैफलीसाठी नाही. मिस्सेतील गाण्यासाठी आहे. परमगुरू दहावे पायस ह्यांनी २२ नोव्हेंबर १९०३ रोजी पवित्र संगीताविषयी जी आज्ञा प्रसिद्ध केली तिच्यात पियानो व ढोल-झांजांसारखी गोंगाटाची वाद्ये देवळात वर्ज्य केली होती, आणि ऑर्गनविषयी असे तत्त्व सांगितले होते की, प्रधान स्थान कंठसंगीताचे. वाद्याने त्यास आधार द्यावा, दडपू नये. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविषयक घटनेत इतर योग्य वाद्यांसही स्थानिक धर्माधिकाऱ्यांच्या संमतीने वाट मोकळी केली. नियम सैल झाला, परंतु ते तत्त्व जुने झाले नाही. आधार द्यावा, दडपू नये: आमच्या मते तार निवडण्याचीही हीच कसोटी आहे. आम्ही पूर्वी प्रबल तारा आणल्या त्या देऊळ भरण्यासाठी. परंतु देऊळ भरावयाचे असते ते गाणाऱ्यांच्या आवाजाने. चेलोचे काम एवढेच की, पुरुषांचा खालचा आवाज जेथे डगमगतो तेथे त्याखाली जमीन घालावी.

दुसरे कारण पदार्थविज्ञानाचे. चेलोत एक दोष असतो, त्यास पाश्चात्त्य वादक लांडगा म्हणतात. बहुधा ई आणि एफ-शार्प ह्या स्वरांच्या आसपास कोठेतरी वाद्य एकाएकी थरथरते, गुरगुरते, स्वर धरीत नाही. आपले थोर शास्त्रज्ञ सर चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांनी नोबेल पारितोषिकापूर्वी कलकत्त्यास गजाच्या वाद्यांवर जे संशोधन केले त्यात १९१६ साली ह्या लांडग्याचाही समाचार घेतला आहे. तारेचा स्वर आणि पेटीचा स्वतःचा स्वर जेथे अगदी जवळ येतात तेथे दोघांत ओढाताण होते, आणि तोच हा गुरगुराट. तार जितकी जड व ताठ, तितकी ही ओढाताण अधिक. तार हलकी केली की लांडगा पुष्कळसा गप्प बसतो. आपल्या चेलोत तो आहे. दुरुस्त झालेला जोड आणि हा लांडगा, दोघेही एकच सांगत आहेत: प्रबल तार नको.

म्हणून समितीस आमची शिफारस अशी आहे. ए आणि डी ह्या वरच्या दोन तारा पोलादी गाभ्याच्या व मृदू ताणाच्या घ्याव्यात. जी व सी ह्या खालच्या दोन तारा टंगस्टन गुंडाळ्याच्या, परंतु त्यांतल्याही हलक्या ताणाच्या घ्याव्यात. म्हणजे खर्ज स्पष्ट येईल आणि तबलीवर भार पडणार नाही. निधी अपुरा पडल्यास चारही स्वस्त घेण्यापेक्षा वरच्या दोनच चांगल्या घ्याव्यात. कारण झिजतात त्या वरच्याच आधी, आणि खालच्या तारा पुष्कळ अधिक काळ टिकतात. तांतीच्या तारांचा मोह आम्हांसही आहे. परंतु ह्या हवेत, आणि ज्या गायकवृंदास सुरुवातीस दहा मिनिटेच मिळतात त्यास, त्यांची उस्तवार झेपणार नाही. पुढे कोणी निष्ठेने वाजविणारा निघाला तर त्याने तो प्रयोग खुशाल करावा. तारा मागविण्यापूर्वी वाद्याच्या वरच्या खाचेपासून घोडीपर्यंतचे अंतर मोजून घ्यावे. पूर्ण मापाच्या चेलोत ते सुमारे ६९ सेंटिमीटर असते. मुलांच्या पाऊण किंवा अर्ध्या मापाच्या वाद्यांस तारा निराळ्या लागतात, आणि पूर्ण मापाची तार त्यांवर ओढून बसविता येत नाही.

तारा आल्यावर त्या चढवावयाच्या कशा, हेही सांगितले पाहिजे. एका वेळी एकच तार सोडवावी. ती बदलून स्वरात आणल्यावाचून दुसरीस हात लावू नये, म्हणजे घोडी आणि आतील आत्मा जागेवर राहतील. वरच्या खाचेत आणि घोडीच्या खाचेत शिसपेन्सिलीचे टोक फिरवावे, म्हणजे तार न अडकता सरकते. ताण चढविताना घोडीचे वरचे टोक वादकाकडे, म्हणजे खुंट्यांच्या दिशेस, कलत जाते. ते प्रत्येक तारेनंतर दोन्ही हातांनी सावकाश सरळ करावे. पोलादी तारा खुंटीने नेमक्या मिळत नाहीत, म्हणून खालच्या पट्टीवरील बारीक स्क्रूंनी त्या मिळवाव्यात. वाजवून झाल्यावर तारांवरील राळेची भुकटी कोरड्या फडक्याने पुसावी. स्पिरिटाचा थेंबही लाकडाच्या रोगणावर पडू देऊ नये. आणि जुन्या तारा पाकिटात घालून, तारीख लिहून, त्याच झाकणाच्या खिशात ठेवाव्यात. त्या खिशात आधीची पाकिटे अजून आहेत. पुढे कोणी अनोळखी मनुष्य वाद्य उघडील तेव्हा त्यास ती पाकिटे आधी दिसावीत, अशी आमची इच्छा आहे.

बंधुभगिनींनो, महोत्सवाच्या वर्षी आपण पूर्वजांचे उपकार स्मरतो. ज्यांनी भिंती उभारल्या, ज्यांनी घंटा आणली, त्यांची नावे ह्या पुस्तिकेत येतील. ज्यांनी हा चेलो दिला त्यांनी आपले नाव कोठेही घालू नये असे सांगितले होते. ती आज्ञा आम्ही पाळतो. परंतु त्यांची दुसरी एक इच्छा होती ती आमच्या हातून राहिली. येत्या नाताळास, नव्या तारांनी, मध्यरात्रीच्या मिस्सेस हा चेलो वाजावा, फार मोठ्याने नव्हे, गाणाऱ्यांच्या खाली, जेवढा हवा तेवढाच. पहिल्या बाकावरील ती जागा त्या रात्री रिकामी ठेवावी एवढी विनंती आम्ही फादरांस केली आहे, आणि त्यांनी ती मान्य केली आहे.